गिऱ्हाइकाचा चेहरा बिलात धरू नका: कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहरातील दुकानदार, सराफ, हॉटेल आणि लॉजचालक, डॉक्टर, क्लासचालक, पार्लरचालक आणि सर्व व्यापारी संघटनांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी लक्ष्मीपुरीत बसून दुकानांचे हिशेब लिहिते. जीएसटीची विवरणपत्रे भरणे, खरेदी-विक्रीचा मेळ घालणे, उधारीच्या याद्या काढून देणे हे माझे रोजचे काम. तुमच्यापैकी कित्येकांच्या काउंटरमागे मी बसलेली आहे. त्यामुळे गिऱ्हाइकाची माहिती दुकानात कशी येते आणि तिथून कुठे कुठे जाते, हे मी जवळून बघते. पूर्वी ती एका वहीत असायची आणि वही गल्ल्याखालच्या कप्प्यात. कुणाची किती उधारी आहे, कुणी मुलीच्या लग्नासाठी काय मोडले, हे मालकाला पाठ असायचे, पण शेजारच्या दुकानदाराला त्याचा पत्ता लागत नसे. आज तीच माहिती मालकाच्या फोनवर, सेल्समनच्या फोनवर, पेज सांभाळणाऱ्या पोराच्या लॅपटॉपवर आणि इन्स्टाग्रामवर पसरलेली असते.

माझी मागणी एकच आहे आणि ती सुरुवातीलाच सांगते. गिऱ्हाइकाचा फोटो, नाव किंवा नंबर जाहिरातीसाठी वापरायचा असेल तर आधी तेवढ्यासाठी वेगळे विचारा. तो नको म्हणाला तर त्याच्या बिलावर, सवलतीवर किंवा त्याला मिळणाऱ्या वागणुकीवर काडीचाही परिणाम होऊ देऊ नका.

सराफांपासून सुरुवात करते, कारण धोका तिथे सगळ्यात जास्त आहे. लग्नसराईत गुजरीत दुपारी जाऊन बसा. दागिने पसंत होतात, बिल होते, नवरी मुलगी पेटी हातात घेते आणि तेवढ्यात समोर मोबाइल येतो. "वहिनी, इकडं बघा की जरा, एक रील करूया, पेजवर टाकतो." घरची मंडळी आनंदात असतात. मालकाने नुकतेच घडणावळीत कमी केलेले असते, चहा पाजलेला असतो. अशा वेळी नको म्हणायला जीभ रेटत नाही. बायका पदर सावरतात आणि भिडेपोटी हसतात. ते हसणे तुम्ही होकार म्हणून धरता.

माझ्या नात्यातल्या एका मुलीच्या बाबतीत हेच झाले. रीलमध्ये तिचा चेहरा होता, आई-वडिलांचे चेहरे होते, ट्रेमध्ये मांडलेला साज, ठुशी, पाटल्या, सगळे एकेक करून जवळून दाखवले होते. खाली तिचे नाव, गावाचे नाव आणि अमुक तारखेच्या विवाहासाठी हार्दिक शुभेच्छा. हे सगळे एका जागी वाचणाऱ्याला काय काय कळते बघा. घरात किती सोने आले, घर कुठले, आणि सगळे घर कुठल्या दिवशी कुलूप लावून कार्यालयात असणार. वडिलांनी फोन करून ती काढायला सांगितली, तर "काका, एवढ्या लोकांनी बघितलीय, आता काढून काय उपयोग?" असे उत्तर मिळाले. चार वेळा पाठपुरावा केल्यावर काढली, पण तोवर दुसऱ्या दोन पेजनी ती उचलली होती. मुलीला रीलमध्ये टॅग केलेले, म्हणून मेकअपवाले, फोटोवाले, कर्ज देणारे आणि कोण कोण अनोळखी पुरुष तिच्या इनबॉक्समध्ये येऊन बसले. लग्नाच्या तयारीत ती एकेकाला ब्लॉक करत होती, आणि वडिलांनी लग्नाच्या दिवशी घरावर राखणीला माणूस ठेवला. ज्याने खरेदी केली, त्यालाच ही शिक्षा.

सराफ बंधूंनो, साज मखमलीवर ठेवून त्याचा फोटो काढा ना. त्यातल्या एकेका पानाची नक्षी दाखवा, मणी कसे ओवले ते दाखवा. हुपरीच्या चांदी कारागिराचे हात दाखवा, त्याला विचारून. हे बघायला लोकांना आवडते, आणि त्यात कुणाच्या तिजोरीचा पत्ता जात नाही. गिऱ्हाइकाला फोटो हवाच असेल तर त्याच्याच मोबाइलवर काढून द्या. त्याला वाटले तर तो स्वतः टाकेल आणि तुमचे नावही घालेल.

नव्या गाडीच्या चावीबरोबर अख्खे कुटुंब आणि नंबरप्लेट, नव्या फ्लॅटच्या दारात मजला आणि फ्लॅट नंबर दिसेल असे उभे केलेले जोडपे, या पोस्ट याच जातीच्या. त्यावर वेगळे लिहीत नाही.

आता नंबराकडे येते, कारण हा माझ्या कामाचा विषय आहे. काउंटरवर "नंबर सांगा" असे विचारले जाते. कुणी कशाला म्हणाले, की ठरलेले उत्तर असते, "नंबरशिवाय बिलच निघत नाही, सिस्टीम घेत नाही." मी तुमची सिस्टीम चालवते. मी वापरते त्या सॉफ्टवेअरमध्ये तो रकाना रिकामा ठेवला तरी बिल निघते, आणि जिथे तो सक्तीचा दिसतो तिथे बहुधा तुम्हीच तो सक्तीचा करून घेतलेला असतो. जीएसटीच्या नियमाप्रमाणे नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचे बिल ५०,००० रुपयांच्या आत असेल तर त्याचे नाव-पत्ता लिहिणेसुद्धा सक्तीचे नाही, त्याने मागितले तरच लिहायचे. त्यापुढच्या बिलावर नाव आणि पत्ता लागतो. २ लाखांच्या वरच्या व्यवहाराला पॅन लागतो. औषध दुकानात कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या एच-१ यादीतले औषध दिले तर रजिस्टरमध्ये रुग्णाचे आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरांचे नाव लिहावे लागते. यात मोबाइल नंबर कुठेही नाही. साडेतीनशे रुपयांच्या टॉवेलच्या बिलाला तर नाहीच नाही.

मे २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने किरकोळ विक्रेत्यांसाठी स्पष्ट सूचना काढली होती, की मोबाइल नंबर दिला नाही म्हणून गिऱ्हाइकाला माल किंवा बिल नाकारू नये, ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ती सूचना आपल्याकडे किती काउंटरपर्यंत पोचली? माझ्या पाहण्यात तरी कुणी तिचे नाव काढलेले नाही.

बरे, नंबर दिला. पुढे काय होते? बहुतेक दुकानांत त्याचा व्हॉट्सॲप ग्रुप होतो. "आपले सन्माननीय ग्राहक" किंवा "दिवाळी धमाका". एका ग्रुपमध्ये १०२४ माणसे बसतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला बाकीच्या सगळ्यांचे नंबर दिसतात, बहुतेकांचे प्रोफाइल फोटोही. ब्लाउजपीस घ्यायला गेलेल्या बाईचा नंबर आणि फोटो पाच मिनिटांत हजार अनोळखी लोकांसमोर गेला. तिला कुणी विचारले नाही. रात्री साडेअकराला "हाय" आला, तर तो या ग्रुपमधून आला हे तिला कळायलाही मार्ग नाही. ती घरच्यांना काय सांगणार? आणि आपल्याकडे घरचे आधी कुणाला प्रश्न विचारतात, हे मी लिहायला नको.

याला सोपा पर्याय त्याच ॲपमध्ये आहे. ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका लिस्टमध्ये २५६ नंबर घालता येतात, निरोप प्रत्येकाला वेगळा जातो आणि कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही. काही जण म्हणतात, "ताई, ब्रॉडकास्ट सगळ्यांना पोचत नाही." बरोबर आहे. ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच तो पोचतो. म्हणजे ज्याला तुमचा निरोप हवा आहे त्याला तो मिळतो, ज्याला नको त्याला मिळत नाही. याहून चांगली चाळणी कुठली?

दुसरी वाट अशी, की ही यादी एक्सेलमध्ये घालून पेज सांभाळणाऱ्या एजन्सीला दिली जाते. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरात खात्यात अशी यादी चढवता येते. नंबर सांकेतिक रूपात बदलून खात्यांशी जुळवले जातात, आणि तुमची जाहिरात नेमकी त्याच लोकांना, किंवा त्यांच्यासारख्या आणखी लोकांना दाखवता येते. माझ्या माहितीतले बरेच मालक हे जाणतही नाहीत. ते म्हणतात, "पोरगा बघतो सगळं." तो पोरगा हुशार असतो, मेहनती असतो, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सहा महिन्यांनी तो दुसऱ्या एजन्सीत जातो, कधी तुमच्या समोरच्या दुकानाचेच काम घेतो, आणि तुमची यादी त्याच्या लॅपटॉपमध्ये तशीच राहते. मालाचा स्टॉक मोजताना एक नग कमी निघाला तर तुम्ही रात्री दुकान उघडे ठेवून शोधता. हजारो माणसांचे नंबर, पत्ते, वाढदिवस दुकानाबाहेर गेले याची मात्र नोंद कुठेच नसते.

राजारामपुरीतल्या दुकानांपासून घरगुती व्यवसायापर्यंत सगळीकडे आता साड्यांचे लाइव्ह चालते. संध्याकाळी एक ताई एकेक साडी उलगडून दाखवतात, कष्टाने दोन-दोन तास उभ्या राहून बोलतात, आणि कित्येक घरांची चूल त्यावर पेटते. मला त्यांचे मनापासून कौतुक आहे. फक्त एक वाक्य त्यांनी बदलावे. "आवडली तर कमेंटमध्ये नंबर आणि पत्ता टाका." बायका टाकतात. नाव, नंबर, गल्ली, घराची खूण, "मिस्टर ऑफिसला असतात, दुपारी पाठवा" इथपर्यंत लिहितात, आणि ते सगळे लाइव्ह संपल्यावरही तिथेच राहते. कुरिअरच्या नावाने पैसे मागणाऱ्या ठकांना आणखी काय हवे? कुठली साडी, कितीची, कधी येणार, सगळे समोर मांडलेले. त्यात आणखी एक मेख आहे. माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला विदा, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या, संरक्षणाचा नवा कायदा लागूच होत नाही. म्हणजे तुमच्या एका वाक्यामुळे ती बाई स्वतःचे संरक्षण स्वतःच्या हाताने सोडून देते. साडीला क्रमांक द्या, कमेंटमध्ये फक्त तो क्रमांक लिहायला सांगा, बाकीचे व्यवसायाच्या नंबरवर वैयक्तिक निरोपात घ्या. जुन्या लाइव्हच्या कमेंट आजच पुसून टाका.

या सगळ्याच्या मुळाशी जे तत्त्व आहे ते कोल्हापूरला नवीन नाही. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात आपण सगळ्यांनी एकमेकांचे नंबर धडाधड पाठवले. कुठल्या गल्लीत कोण अडकलेय, कुणाला औषध हवेय, कुणाकडे बोट आहे, याच्या याद्या फिरत होत्या, आणि त्यांनी माणसे वाचली. तेव्हा कुणी खासगीपणाचा मुद्दा काढला नाही, काढायचा नव्हताच. पण ते नंबर पुरासाठी दिलेले होते. त्याच यादीतल्या माणसाला पूर ओसरल्यावर कुणी सोफासेटची जाहिरात पाठवली तर आपल्याला चीड येईल. बिलासाठी, घरपोच मालासाठी, वॉरंटीसाठी दिलेल्या नंबरालाही हाच न्याय लावा. ज्या कामाला दिला त्या कामापुरता.

डॉक्टर मंडळींना मी हात जोडून सांगते. तुमच्या व्यवसायाचे नियम बाकीच्यांपेक्षा जुने आणि कडक आहेत. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेत रुग्णाची ओळख पटेल असा फोटो त्याच्या परवानगीशिवाय छापायला मनाई आहे. तरीही दातांचे, केसांचे, त्वचेचे "आधी आणि नंतर" असे फोटो अख्ख्या चेहऱ्यासकट फिरताना दिसतात. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की ओळख लपते, असे आपल्या शहरात तरी कुणी समजू नये. इथे माणूस चालण्यावरून ओळखतात. आणि गूगलवर कुणी वाईट अभिप्राय लिहिला की त्याला उत्तर देताना "तुम्ही अमुक तारखेला तमुक त्रास घेऊन आला होता" असे लिहिणे तर पूर्ण बंद करा. त्याने तुमच्यावर अन्याय केला असेलही. त्याचा आजार चव्हाट्यावर मांडणे हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

लहान मुलांबद्दल लिहिताना मला राग आवरावा लागतो. नर्सरी, डे-केअर, नृत्याचे वर्ग, पोहण्याचे वर्ग, दहावीचे क्लास. प्रवेशासाठी जाहिरात हवी म्हणून तीन-चार वर्षांच्या पोरांचे व्हिडिओ रोज टाकले जातात. शाळेचे नाव गणवेशावर, मुलाचे नाव खिशाला लावलेल्या कार्डावर, सुटण्याची वेळ पोस्टमध्ये. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींचे व्हिडिओ सार्वजनिक पेजवर पाहिल्यावर मी त्या चालकांना स्वतः फोन केला होता. "अहो, पालकांनाच आवडतं," असे उत्तर आले. काही पालकांना आवडत असेलही. ज्यांना आवडत नाही ते, आपले मूल वेगळे पडेल या धास्तीने गप्प बसतात. पालकांना मुलाची प्रगती दाखवायची असेल तर ज्याच्या मुलाचा व्हिडिओ त्याला पाठवा. क्लासच्या फ्लेक्सवर मुलाचा फोटो आणि टक्केवारी झळकवण्याआधी मुलाला आणि पालकांना दोघांनाही विचारा. नव्या कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे, त्याच्या माहितीसाठी आई-वडिलांची पडताळता येईल अशी संमती लागणार आहे, आणि मुलांवर नेम धरून केलेल्या जाहिरातींना मनाई आहे.

ज्यांच्याबद्दल कुणीच बोलत नाही, त्या तुमच्या दुकानातल्या मुली. महाद्वार रोडला, राजारामपुरीत कपड्यांच्या, दागिन्यांच्या, मोबाइलच्या दुकानांत विशीतल्या पोरी दिवसभर उभ्या असतात. आसपासच्या खेड्यांतून एसटीने, केएमटीने येतात. त्यांना कामावर घेताना माल दाखवायचे, घड्या घालायचे, बिल करायचे असे ठरलेले असते. मग एक दिवस मालक किंवा पेजवाला सांगतो, आज हे गाणे चालू आहे, यावर दोन स्टेप करायच्या. एखादीला आवडते, ती खुशाल करते, छान करते. पण नको असलेली मुलगी पगार देणाऱ्याला नको कसे म्हणणार? रील चालली की खाली घाणेरड्या कमेंट येतात. त्या कमेंट तिच्या गावात, तिच्या घरात, तिच्या होणाऱ्या सासरी वाचल्या जातात. दुकान कमेंट बंद करत नाही, कारण कमेंट वाढल्या की रील आणखी पुढे जाते. एका मुलीने मला सांगितले, "मॅडम, काम सोडायचं न्हाई, पण तोंडाला मास्क लावून उभारू का असं विचारणार हाय." तिला हे विचारायची वेळ यावी याचे मला फार वाईट वाटले.

याच मुलींचा खासगी नंबर बऱ्याच ठिकाणी दुकानाचा ऑर्डरचा नंबर म्हणून पोस्टवर छापलेला असतो. दुकान रात्री नऊला बंद होते, तिचा फोन बंद होत नाही. "साडीचा रंग दाखव" म्हणून सुरू झालेले बोलणे कुठे जाते ते तिला विचारा. काम सोडून गेली तरी जुन्या पोस्टवर तिचा नंबर राहतो. दुकानासाठी एक वेगळे सिम घ्यायला कितीसा खर्च येतो? व्हॉट्सॲप बिझनेस ॲप फुकट आहे, त्यात बंद असण्याच्या वेळेचा आपोआप निरोप लावता येतो. जिला रीलमध्ये यायचे आहे तिच्याकडून लेखी घ्या, त्या कामाचे वेगळे पैसे द्या, आणि तिने नोकरी सोडली की तिचे व्हिडिओ काढायचे की ठेवायचे हे तिला ठरवू द्या.

देवीच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांना लॉजवाले म्हणतात, "आधार व्हॉट्सॲप करा." रिसेप्शनवरच्या पोराच्या खासगी फोनच्या गॅलरीत शेकडो आधार कार्डे साठतात. ओळख तपासणे आणि रजिस्टर ठेवणे आवश्यकच आहे, त्याला माझा विरोध नाही. फक्त शेवटचे चार अंक दिसणारे मास्क केलेले आधार यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावरून काढता येते, तेही स्वीकारा, आणि ते लॉजच्या संगणकावर घेऊन फोनमधून पुसा.

सीसीटीव्हीचे चित्रण हे पोलिसांना देण्यासाठी आहे. "ही बाई चोर आहे, शेअर करा" म्हणून ते स्टेटसला ठेवणे हे काम तुमचे नाही. चोरी केली की नाही हे तिथे ठरत नाही, आणि चुकीची बाई ओळखली गेली तर तिचे आयुष्य कुणी भरून देणार नाही.

आता तुमची बाजू. मला ती माहीत आहे, तुमचे आकडे माझ्यासमोरच असतात. ऑनलाइन कंपन्यांनी किरकोळ धंद्याचा कणा मोडत आणलाय. चप्पल लाइनमधला माणूस रील टाकतो म्हणून त्याला पुण्या-मुंबईहून ऑर्डर येते. मिसळीच्या हॉटेलसमोरची रांग इन्स्टाग्रामने लांबवली आहे. जाहिरात बंद करा असे मी म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. तुमचा माल, तुमचे कसब, तुमची जागा, तुम्ही स्वतः, हे सगळे दाखवायला तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे. कटाची फोडणी दाखवा. रांगेत उभ्या असलेल्या माणसाने आज ऑफिसला दांडी मारली असेल, कुणी डॉक्टरांकडे म्हणून घरातून निघाला असेल, कुणी आपल्या होणाऱ्या जोडीदाराला पहिल्यांदा भेटत असेल. त्याने मिसळीचे पैसे दिले, त्यात त्याचा चेहरा आला नाही.

"लोक स्वतःच तर सगळे टाकतात" हे मला सारखे ऐकवले जाते. टाकतात. काय टाकायचे, कधी आणि कुणाला दाखवायचे, हे ते स्वतः ठरवतात. खासगीपणाचा हक्क म्हणजे हे ठरवण्याचाच हक्क. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात तो मूलभूत हक्क म्हणून मान्य केला, आणि तो घटनेच्या २१ व्या कलमात, जगण्याच्या हक्कात धरला.

कायद्याचे थोडे सविस्तर सांगते, कारण त्याबद्दल बाजारात एक तर भीती आहे नाही तर बेफिकिरी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. हा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे, त्यामुळे यादी दुसऱ्याला दिलीत तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार होऊ शकते. दुसरा, डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा. तो ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि धंदेवाल्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यात १८ महिन्यांची मुदत दिली आहे, म्हणजे मे २०२७ पर्यंत. त्यात संमती मोकळी, विशिष्ट, समजून दिलेली आणि विनाअट असावी लागते, आणि ती दिली तितक्याच सहजपणे मागे घेता आली पाहिजे. संमती घेण्याची सूचना मराठीतून मिळण्याचा पर्याय गिऱ्हाइकाला असला पाहिजे. या कायद्यातच एक उदाहरण दिले आहे. एक बाई औषध दुकानात खरेदी करते आणि पावती मोबाइलवर पाठवा म्हणून नंबर देते. दुकानदाराने तो नंबर पावती पाठवण्यासाठी वापरावा. एवढे साधे उदाहरण आहे, आपल्या रोजच्या काउंटरवरचे.

दंडाचा वरचा आकडा २५० कोटींपर्यंत आहे. तो कोपऱ्यावरच्या दुकानाला लागेल असे सांगून मी तुम्हाला घाबरवत नाही, दंड ठरवताना चुकीचे गांभीर्य पाहायचे आहे. पण दुकान लहान आहे म्हणून आपोआप सूट मिळते, असे मात्र कुणी समजू नये.

व्यापारी संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि सभासदांना काउंटरवर लावायला एक छोटी पाटी छापून द्या. मजकूर असा असावा: "मोबाइल नंबर देणे ऐच्छिक आहे. दिलेला नंबर फक्त आपण सांगाल त्याच कामासाठी वापरू. आपला फोटो किंवा व्हिडिओ आपल्या लेखी होकाराशिवाय कुठेही टाकणार नाही. टाकलेला काढायला सांगितल्यास त्याच दिवशी काढू." खाली जबाबदार माणसाचे नाव आणि दुकानाचा नंबर. शेवटच्या ओळीतली "त्याच दिवशी" ही अट सोडू नका. पोस्ट काढायला उशीर झाला की ती दहा ठिकाणी पोचलेली असते.

लेखी होकारासाठी मी एक पानाचा साधा मराठी नमुना करून ठेवला आहे. कुठला फोटो, कुठे टाकणार, किती दिवस ठेवणार, आणि सही. ज्या सभासदांना हवा त्यांना तो विनामूल्य देईन. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नंबराचा रकाना ऐच्छिक कसा करायचा, जुन्या याद्या कशा पुसायच्या, पेजचे पासवर्ड आणि ॲडमिनचे अधिकार मालकाकडे परत कसे घ्यायचे, हे दाखवायला एखाद्या रविवारी संघटनेच्या सभागृहात मी आणि माझ्याबरोबरच्या दोघी हिशेबनीस यायला तयार आहोत. दिवस तुम्ही कळवा.

कळावे,
आपली विश्वासू,
लक्ष्मीपुरीतील एक हिशेबनीस
कोल्हापूर